चिमुकल्या बर्गरचा हिशेब

कोल्हापूरच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. ओहायो प्रांतातील कोलंबस शहरी उच्च शिक्षणासाठी राहिलेले त्यांचे चिरंजीव आठवड्यातून तीन-चार रात्री अभ्यास आटोपल्यावर ‘व्हाइट कॅसल’ नामक उपाहारगृहात जातात, शाकाहारी असल्यामुळे तेथील वनस्पतिजन्य बर्गर मागवतात, आणि आईने दूरध्वनीवर हटकले की, ‘अगं, एवढेएवढेसे तर असतात!’ असे म्हणून तिची समजूत घालतात; तर यात काळजी करण्याजोगे काही आहे काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

थोडे आहे, परंतु ते नेमके त्या ‘एवढ्याएवढ्याशा’मध्येच आहे. अशा दुकानांच्या नावाने नुसती बोटे मोडणारा आणि लोक तिथे का जातात याची चौकशीही न करणारा वैद्य मला अर्धाच वैद्य वाटतो, म्हणून आधी त्या आकर्षणाविषयी दोन शब्द लिहितो.

१९२१ साली कॅन्सस प्रांतातील विचिटा गावी वॉल्टर अँडरसन हा स्वयंपाकी आणि बिली इंग्रॅम हा विमा-मालमत्तेच्या व्यवहारातला गृहस्थ, अशा दोघांनी ही पेढी काढली, तेव्हा अमेरिकेतील सुखवस्तू माणूस खिम्याकडे संशयाने पाहत असे. कारण शिकागोच्या कत्तलखान्यांतील घाण अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या १९०६ सालच्या कादंबरीने चव्हाट्यावर मांडली होती. सबब या जोडीने शुभ्र भिंती, लखलखीत ओटा आणि नोकरांचे स्वच्छ कपडे यांची चोख तजवीज केली, सारा पाक गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर ठेवला, आणि किंमत ठेवली अवघी पाच सेंट. गरिबाच्या खिशाला परवडणारा जिन्नस त्याला सन्मानाने आणि स्वच्छ जागी मिळावा, ही गोष्ट लहान नव्हे. शतक उलटल्यावरही हे दुकान लोकांना आपले वाटते, याचे मर्म मला त्यात दिसते.

पाककृतीही चतुर आहे. तव्यावर कांदा पसरून त्यावर पाच छिद्रे पाडलेली मांसाची पातळ चौकोनी चकती ठेवतात, तिच्यावर पाव. कांद्याची वाफ छिद्रांतून वर चढते, चकती न उलटताच शिजते आणि पाव त्या वाफेने मऊ ओलसर होतो. वैद्यकाच्या दृष्टीने पातळपणाला महत्त्व आहे, कारण मांसाच्या पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात आणि म्हणून गोमांसाचा खिमा आत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापणे अवश्य असते. जाड, मध्यभागी लालसर राहिलेल्या बर्गरपेक्षा ही चकती त्या बाबतीत बरी.

१९३० साली इंग्रॅमने पदरचे पैसे देऊन मिनेसोटा विद्यापीठातील प्राध्यापक जेसी मॅक्लेन्डन यांच्याकडून एक प्रयोग करवला, ज्यात वैद्यकाचा एक विद्यार्थी १३ आठवडे केवळ हे बर्गर आणि पाणी यांवर राहिला व शेवटी ठणठणीत निघाला. जाहिरातीस हा दाखला उत्तम! पण प्रकृतीने धडधाकट असा एकच तरुण, मुदत तीन महिन्यांची आणि खर्च मालकाचा, एवढ्या आधारावर मी तरी कोणास पथ्य सांगणार नाही. रक्तदाब आणि धमन्यांचे विकार आपले काम वर्षानुवर्षे, बिनबोभाट करतात.

आता चिरंजीवांकडे वळू. मूळच्या एका लहान बर्गरमध्ये सुमारे दीडशे उष्मांक असतात, यात भयंकर काही नाही. परंतु पाणीपुरीप्रमाणेच येथेही एकावर कोणी थांबत नाही, दुकानही पिशवी भरून नेण्यास उत्तेजन देते, आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूस पोहोचण्यास वीसेक मिनिटे लागत असल्यामुळे सहावा बर्गर पोटात गेल्यावर पहिल्याची तृप्ती जाणवू लागते. अशा सहांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी माफक ठरवलेले पाच ग्रॅम मीठ बहुधा संपून जाते. वनस्पतिजन्य चकतीत मीठ कमी असेल ही समजूतही निराधार आहे. ते पुष्कळदा अधिकच असते. त्यात ३५५ मिलीलिटर कोकाकोलाची भर पडली की ३९ ग्रॅम, म्हणजे नऊ-दहा चमचे साखर विनाकारण पदरात पडते, आणि माझ्या मते या साऱ्या भोजनातील खरा अपराधी तो पेलाच होय.

म्हणून माझी शिफारस अशी : जाणे बंद करू नये, परदेशी एकाकी राहणाऱ्या मुलास रात्री उजेडाची, माणसांची जागा लागते, मात्र आठवड्यातून एकदाच जावे, मोजून तीन मागवावेत, सोबत पाणी प्यावे, बटाट्याच्या तळलेल्या कापांना रजा द्यावी, आणि शाकाहाराविषयी कटाक्ष असल्यास मांसाचा तवा वेगळा आहे की नाही हे विचारून घ्यावे. उरलेल्या रात्रींसाठी खोलीवर मुगाची खिचडी शिजवणे त्यास अवघड नाही.

पत्रात वडिलांना चाळिशीतच रक्तदाबाचा विकार जडल्याचा उल्लेख आहे. तेव्हा चिरंजीवांनी विद्यापीठाच्या दवाखान्यात रक्तदाब तपासून घ्यावा, आणि ते आकडे, वजन व कमरेचा घेर मला पुढील पत्रात कळवावा.