खोडवा आणि एचआयव्हीच्या गोळ्या



ऊस तुटून गेला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि पाणी मिळताच फुटवा येतो, हे तुम्हाला आम्ही शिकवायला नको. एचआयव्हीच्या विषाणूचेही तसेच आहे.

हा विषाणू स्वतःहून वाढत नाही. तो रक्तातल्या सीडी-४ या राखणदार पेशीत शिरतो, आपल्या बियाण्याची नक्कल करतो, ती पेशीच्या मूळ बियाण्यात बसवतो. मग पेशीच त्याचे पीक काढू लागते. सरकारी केंद्रात आज बहुतेकांना मिळणाऱ्या एका गोळीत तीन औषधे असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन नक्कल अर्ध्यात तोडतात, डोल्युटेग्राविर ती पेशीत बसू देत नाही.

तीन कशाला? १९८७ साली झिडोव्ह्युडिन हे एकटेच औषध आले. विषाणू त्याला लवकरच पुरून उरला. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र दिली, तेव्हा कुठे माणसे जगू लागली.

पण झोपलेल्या पेशींतला बुडखा गोळीने निघत नाही. बरे वाटले म्हणून गोळी सोडली की काही आठवड्यांतच खोडवा फुटतो. अधूनमधून घेतली तर औषधाला न जुमानणारे वाण तयार होते, ते आणखी वाईट. रोज घेतल्यास साधारण सहा महिन्यांत विषाणू तपासणीत सापडेनासा होतो, आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

आता त्रासाचे. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होते. झोप उडाली तर डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी घ्यावी. काहींचे वजन वाढते. टेनोफोविरने क्वचित मूत्रपिंड, हाडे दुखावतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. तोडणीने अंग ठणकते म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या की मूत्रपिंडावर दुहेरी भार पडतो. हे आमच्याकडे फार चालते! पित्ताचे औषध, लोह, कॅल्शियम घ्यायचे तर त्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी ही गोळी घ्यावी. क्षयाचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना सांगावेच, मात्रा बदलते.

गाल बसतात ही भीती जुन्या स्टॅव्ह्युडिनची. ते आता देत नाहीत.

२००४ पासून सरकारी एआरटी केंद्रात औषध मोफत आहे. हंगामाला बाहेर जाणाऱ्या तोडणी मजुरांनी निघण्यापूर्वी केंद्रात कळवून गोळ्यांची सोय करून घ्यावी, कार्ड सोबत ठेवावे. आणि मुकादमांनो, या आजारावरून कोणाला टोळीतून काढणे २०१७ च्या कायद्याने मना आहे.