शिक्षक का निघाले?

चि. भाचीस,


तुझ्या शाळेतले तीन शिक्षक मे महिन्यात सोडून गेले, असं दादा म्हणाला. फिजिक्सचे सर तर डिप्लोमाचं एकच वर्ष शिकवून निघाले. तेव्हापासून आत्याच्या जिवाला चैन नाही.

आयबी डिप्लोमा दोन वर्षांचा. ४,००० शब्दांपर्यंतचा निबंध, प्रयोगांचे अहवाल, विद्यापीठांना जाणारं शिफारसपत्र, सगळं मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकावर उभं. ऑगस्टमध्ये आलेला नवा माणूस दोन-तीन महिन्यांत कुणाबद्दल काय लिहिणार? आणि तू, उपप्राचार्या असून, म्हणतेस, जाहिरात दिली आहे! दादाच्या लेकीकडून हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

ते का निघाले, हे कुणी विचारलं का?

डोंगरावरच्या निवासी शाळा आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. कोडाइकनालची शाळाच बघ, १९०१ मध्ये अमेरिकी मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघाली. आज ती आंतरराष्ट्रीय आहे. आता अशा शाळांच्या शिक्षकाला दुबई, सिंगापूरही खुणावतं. परदेशी शिक्षकांचे करार बहुधा दोन वर्षांचे, आणि पुढच्या वर्षाची नोकरी ते हिवाळ्यातच ठरवतात. म्हणून दिवाळीआधी एकेका शिक्षकाच्या घरी जा. बायकोला किंवा नवऱ्याला डोंगरावर काम नाही, क्वार्टर गळतं, होस्टेलच्या ड्युटीत रविवारही जातो, शेजारच्या परदेशी सहकाऱ्याचा पगार कितीतरी जास्त आहे: ही दुखणी मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. पौडजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात १९९७ पासून शिक्षक मुलांसोबत कॅम्पसवरच राहतात. असं राहणं म्हणजे शिक्षकाचं अख्खं घरच शाळेत येणं.

आत्याही तरुणपणी निवासी शाळेत शिकवत होती, तुला ठाऊकच आहे. आजोबांच्या आजारपणात रजा नाकारली, तिने तडक राजीनामा दिला. दहावीची भूमिती अर्धी राहिली. ती मुलं आता पन्नाशीला आली असतील, तरी रुखरुख जात नाही. "बाई, काय अडलंय?" एवढं कुणी विचारलं असतं, तर ती थांबली असती.

म्हणून पुन्हा तेच: विचार त्यांना.

रागाच्या भरात जास्त लिहिलं गेलं. वेळापत्रक, पालकांचे फोन, रात्रीची राऊंड, सगळं तुझ्याच अंगावर आहे, असं वहिनी सांगते. मग तुला कोण विचारतं, पोरी? ताप उतरला का? गीझर दुरुस्त झाला का? दिवाळीला चार दिवस जास्तीची रजा माग, ती तुझ्या हक्काची आहे. इकडे चकलीची भाजणी दळलेली असेल, आणि अभ्यंगस्नानाची पहाट सोडली तर तुला कुणी उठवणार नाही.

तुझी,
आत्या