डोक्याचा मार आणि खेळाडू स्त्रिया

राजस्थानात २०२२ साली ग्रामीण ऑलिंपिक भरले, तेव्हा जयपूर जिल्ह्यातील स्त्रियाही गावोगावी कबड्डीसाठी मैदानात उतरल्या. पकड करताना डोके दुसरीच्या गुडघ्यावर आदळते आणि मेंदूला हादरा बसतो. शुद्ध बहुधा हरपत नाही; म्हणूनच ‘काही झाले नाही’ असे म्हणून खेळाडू पुन्हा उभी राहते. तिच्या या शब्दावर विसंबू नये. निवाडा करणारा मेंदूच दुखावलेला असतो. अडखळणारे पाय, विसरलेला गुणफलक हे सोबतिणींनाच आधी दिसते. एरवी बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. येथे मात्र त्या दिवशी परतणे नाही. वारंवार उलट्या किंवा वाढती गुंगी असल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. एरवी एक-दोन दिवस विसावा, मग हळूहळू चालणे-फिरणे आणि डॉक्टरांच्या संमतीनंतरच पकड.