जुन्या इनामाच्या कागदांतून वंशावळ कशी काढावी?

पिकांच्या अंकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु वारसाची नोंद आजोबांपाशी अडली की पीककर्जही अडते व भाऊबंदांत दावे लागतात. आपला भाग निजामाच्या राज्यात होता. ज्या घराण्याकडे इनाम होते, त्याची वंशावळ जुन्या दप्तरात सापडू शकते.

सुरुवात १९५४-५५ च्या खासरा पत्रकापासून करावी. त्यासाठी आजच्या गट नंबरावरून जुना सर्व्हे नंबर काढून घ्यावा. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वीच्या कागदांवर जिल्हा परभणी असतो.

त्यामागे जायचे तर मुंतखब शोधावा. इनामाच्या चौकशीनंतर दिलेला हा हुकूम होय. सेवेबद्दलचे इनाम ते खिदमत माश, निर्वाहासाठीचे ते मदद माश. खरा ऐवज मात्र विरासतीच्या फाइलमध्ये असतो, कारण इनामदार वारल्यावर वारसांची चौकशी होत असे. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे पत्नी, 'बेवा' म्हणजे विधवा. एवढ्या तीन शब्दांवर पिढ्या जुळवता येतात.

फसली सनात ५९० मिळवावेत. फसली १३४० म्हणजे १९३०-३१. उर्दू किंवा मोडी मजकूर जाणकाराकडूनच वाचून घ्यावा.

मुंतखबात पणजोबांचे नाव निघाले म्हणून जमीन आज आपली ठरत नाही. हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा १९५४ चा आहे, देवस्थान इनामाचे नियम निराळे आहेत. तेव्हा दावा लावण्यापूर्वी त्यानंतरचे सर्व फेरफार क्रमाने तपासावेत.