अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण : कायदा आणि नीती
(एका विद्यार्थ्याच्या वहीच्या निमित्ताने)

आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो, तेव्हा शाळेच्या जुन्या दिवसांवर लेख लिहावा असे प्रथम आमच्या मनात होते. परंतु टेबलावर एका विद्यार्थ्याची वही पडलेली होती आणि त्या वहीने आमचा विषय बदलला. शाळेने मुलांना काय दिले, याचा हिशेब आठवणींपेक्षा मुलांच्या प्रश्नांतून अधिक चांगला मिळतो, अशी आमची समजूत आहे.

ऑगस्ट २०२४ मधील ही गोष्ट. परिपाठात वृत्तपत्रवाचन झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १ ऑगस्ट रोजी दिलेल्या निकालाची बातमी एका मुलाने वाचून दाखविली : अनुसूचित जातींच्या आरक्षणात राज्यांना उपवर्गीकरण करता येईल. त्या दिवशी दुपारी भोजनगृहातील पंगत नेहमीसारखी बसली नाही. दहावीतील दोन मित्र, एक मातंग कुटुंबातला आणि एक बौद्ध कुटुंबातला, एकमेकांपासून दूर बसले. सायंकाळी अभ्यासिकेत पहिला म्हणाला, “सर, आमच्या वस्तीत अजून एकही सरकारी नोकर नाही. हे बोलणे म्हणजे समाजात फूट पाडणे होते का?” दुसरा लगेच उठला. “सर, माझे वडील हमाली करतात. आम्हाला तरी काय मिळाले? मग आमच्याच नावाने बोट का?”

दोघेही खोटे बोलत नव्हते. म्हणून आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना दिलेला उपदेश मुलांच्या पाठातला आहे. परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू सांगतात एवढ्यावरून काही स्वीकारू नये. त्यापासून अहित होते की हित, हे स्वतः पारखून घ्यावे. आम्ही त्या दोघांना म्हटले, “न्यायालय म्हणाले म्हणून मानू नका आणि पुढारी म्हणाले म्हणून नाकारूही नका. दोघे मिळून एक वही करा.” प्रस्तुत लेख त्या वहीच्या आधाराने लिहिला आहे.

कायदा म्हणजेच न्याय काय?

इतिहासाचा विद्यार्थी या प्रश्नाला घाईने ‘होय’ म्हणत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. ठराव झाला, पण ओंजळीत पाणी आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर जावे लागले. कायदा चांगला असूनही समाजाची नीती त्याच्या मागे नसेल, तर तो कागदावर राहतो. उलट बाजूस मनुस्मृती होती. तिच्या मागे शतकांची मान्यता होती, पण नीती नव्हती. म्हणून त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिचे दहन झाले.

‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम काय करावे ते सांगतो, तर तत्त्व कृतीची पारख करण्याची दृष्टी देते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी सांविधानिक नीतीचा उल्लेख केला, तोही याच भूमिकेतून : ही नीती उपजत नसते, ती जोपासावी लागते. आपल्या विद्यार्थ्यांनी कोणत्याही कायद्याकडे पाहताना याच दृष्टीने पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

वहीतील पहिले पान : काय घडले?

वाद समजण्यापूर्वी घटनाक्रम समजला पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ प्रमाणे कोणत्या जाती ‘अनुसूचित’ हे राष्ट्रपती अधिसूचनेद्वारे ठरवितात. त्यानंतर त्या यादीत भर घालणे वा वगळणे हा अधिकार केवळ संसदेचा आहे. पंजाब सरकारने १९७५ मध्ये एका परिपत्रकाद्वारे अनुसूचित जातींच्या राखीव जागांपैकी निम्म्या जागांवर वाल्मीकी आणि मजहबी शीख यांना अग्रक्रम दिला. आंध्र प्रदेशने २००० साली कायदा करून अनुसूचित जातींचे चार गट केले. २००४ मध्ये ई. व्ही. चिन्नय्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा कायदा रद्द केला. अनुसूचित जाती हा एकजिनसी वर्ग असून राज्यांना त्याचे तुकडे करता येणार नाहीत, असे त्या पीठाचे मत होते.

वीस वर्षांनी, पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग या खटल्यात, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने ते मत बदलले. यादीतील सर्व जातींनी अस्पृश्यता सोसली हे खरे असले, तरी सर्वांचे मागासलेपण सारखे नाही, असे बहुमताने म्हटले. त्याला अटीही घातल्या. उपवर्गीकरण प्रत्यक्ष माहितीवर आधारलेले असावे. एखाद्या गटाचे प्रतिनिधित्व अपुरे असल्याचे शासनाला दाखविता आले पाहिजे. सर्वच्या सर्व राखीव जागा एकाच गटाला देऊन इतरांना बाहेर ठेवता येणार नाही. शासनाच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकेल. न्या. बेला त्रिवेदी यांनी भिन्न मत नोंदविले. त्यांच्या मते, राष्ट्रपतींच्या यादीत राज्यांनी अशा रीतीने हात घालणे अनुच्छेद ३४१ च्या विरुद्ध आहे.

या निकालाच्या विरोधात २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारत बंद पुकारला गेला. तेलंगणाने पुढे कायदा करून १४ एप्रिल २०२५ पासून आपल्या १५ टक्के आरक्षणाचे १, ९ आणि ५ टक्के असे तीन भाग अंमलात आणले. महाराष्ट्र शासनानेही २०२४ मध्ये या विषयाच्या अभ्यासासाठी समिती नेमली. आपल्या राज्यात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती असून त्यांना १३ टक्के आरक्षण आहे. म्हणजे हा प्रश्न पंजाबचा वा तेलंगणाचा राहिलेला नाही. तो आपल्या पंगतीत येऊन बसला आहे.

दोन रकाने

दुसऱ्या पानावर मुलांनी दोन रकाने आखले होते. मातंग कुटुंबातील मुलाने आपल्या रकान्यात लिहिले : मागे राहिलेल्याला वेगळी वाट दिल्याशिवाय तो पुढे येत नाही, हेच तर आरक्षणाचे मूळ तत्त्व आहे. आपल्या राज्यात विमुक्त जाती व भटक्या जमातींचे अ, ब, क, ड असे गट पूर्वीपासून आहेत. त्यामुळे त्यांच्यात फूट पडली असे कोणी म्हणत नाही. मग आम्ही मागितले की फूट कशी होते?

बौद्ध कुटुंबातील मुलाने लिहिले : भाकरीचे तुकडे करण्याआधी पूर्ण भाकरी ताटात पडते का, ते पाहा. अनुशेष वर्षानुवर्षे भरला जात नाही. कायम पदांच्या जागी कंत्राटी भरती होते. लहान गटाच्या वाट्याच्या जागांवर ‘पात्र उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा पडला, तर ती जागा कोणाकडे जाईल? आणि ज्यांनी आजवर आम्हा दोघांनाही दूर ठेवले, त्यांना आमचे भांडण सोयीचे होणार नाही का?

दोन्ही रकाने आम्ही वारंवार वाचले. पहिल्या रकान्यात न्यायाची मागणी होती आणि दुसऱ्यात अनुभवातून आलेली सावधगिरी. एकाने दुसरा रकाना खोडावा असे त्यांत काहीच नव्हते.

याच निकालात काही न्यायमूर्तींनी अनुसूचित जाती-जमातींमध्येही उन्नत स्तर, म्हणजे ‘क्रिमी लेयर’, शोधावा असे मत मांडले. त्यांत आंबेडकरी चळवळीच्या घरातून आलेले न्या. भूषण गवई होते, म्हणून आपल्या समाजात त्याची विशेष चर्चा झाली. मोठ्या अधिकाऱ्याचे मूल आणि खेड्यातील मजुराचे मूल एकाच मापाने मोजता येणार नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. या विचारात तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अस्पृश्यता ही मुळात गरिबी नव्हे. चांगला पगार असलेल्यालाही शहरात भाड्याचे घर शोधताना आडनाव विचारले जाते. म्हणून केवळ उत्पन्नाची रेषा आखून हा प्रश्न सुटेल, असे आम्हास वाटत नाही. केंद्र शासनानेही ऑगस्ट २०२४ मध्येच ही तरतूद लागू करणार नसल्याचे सांगितले. उपवर्गीकरण आणि क्रिमी लेयर हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि विद्यार्थ्याने ते एकत्र करू नयेत.

आपला स्वतःचा इतिहास

येथे बौद्ध पालकांना एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदू धर्माशी जोडली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपले वडीलधारे बौद्ध झाले आणि केंद्राच्या दृष्टीने त्या यादीच्या बाहेर पडले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे आपण सांगत राहिलो, “यादी काय म्हणते ते पाहू नका, आमची स्थिती काय आहे ते पाहा.” तेव्हा कायदा आपल्या विरुद्ध होता आणि नीती आपल्या बाजूला होती. आज त्याच शब्दांत दुसरा कोणी आपल्याशी बोलत असेल, तर ‘यादीत हात घालू नका’ एवढेच उत्तर आपल्याला शोभत नाही. त्याचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घेतले पाहिजे.

दुसरी आठवण त्याहून जुनी आहे. १८५५ मध्ये फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळच्या राज्यव्यवस्थेची आणि धर्माची नैतिक तपासणी एका विद्यार्थिनीने केली होती. निबंधाचा विषय होता मांग-महारांचे दुःख. लिहिणारी मातंग होती, पण दुःख तिने दोघांचे मांडले. पुढे अण्णा भाऊ साठे यांनी आपली ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. हे धागे जोडणाऱ्यांनी जोडून ठेवले आहेत. ते तोडण्याचा अधिकार आपल्या पिढीला नाही.

श्रेणीबद्ध असमानतेचे मर्म बाबासाहेबांनी उलगडून दाखविले आहे. या रचनेत प्रत्येकाला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान मिळते, म्हणून सारे पीडित एकत्र उठत नाहीत. उपवर्गीकरणाच्या वादात आपण एकमेकांना ‘तुम्ही खाल्ले’ आणि ‘तुम्ही मागे राहिलात’ असे म्हणू लागलो, तर ती श्रेणी आपणच पुन्हा बांधू.

तिसरा रकाना

मुलांनी वही परत आणली तेव्हा तिच्यात एक तिसरा रकाना आखलेला होता. त्याचे शीर्षक : ‘शोधून काढायचे’. राज्याच्या सेवेत ५९ जातींपैकी कोणत्या जातीचे किती लोक, कोणत्या श्रेणीत आहेत? सफाईच्या कामात किती आणि अधिकारी पदावर किती? वसतिगृहांत, वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांत कोण पोहोचले? किती राखीव जागा रिकाम्या राहिल्या आणि का? आकडा नसताना केलेली वाटणी आणि आकडा नसताना केलेला विरोध, दोन्ही अंदाजावरच चालतात. आगामी जनगणनेत जातनिहाय नोंद घेण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला आहे. ती नोंद प्रामाणिकपणे व्हावी, ती प्रसिद्ध व्हावी आणि अनुशेष भरण्याचे बंधन तिच्याबरोबर यावे, ही मागणी मातंग, चर्मकार, बौद्ध, वाल्मीकी, ढोर, होलार या साऱ्यांना एकत्र करता येईल.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर ते असे : जो खरोखर मागे राहिला आहे त्याला वेगळा वाटा देण्यास आंबेडकरी माणसाने नाही म्हणू नये. परंतु तो वाटा माहितीच्या आधारे द्यावा आणि पूर्ण भरावा. त्याच्या आडून एकूण प्रतिनिधित्व कमी होऊ देऊ नये. कायदा यास परवानगी देतो की नाही, हे न्यायालयाने सांगितले. तो न्यायाने वापरला जातो की नाही, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व ही परस्परांपासून तोडता येत नाहीत, असे बजावले होते. स्वातंत्र्य आणि समता यांसाठी कायदा करता येतो. बंधुत्वासाठी शेजारी बसावे लागते. ते दोन मित्र आता दहावी उत्तीर्ण होऊन वेगवेगळ्या महाविद्यालयांत गेले आहेत. वही आमच्याकडे ठेवून गेले. वही लिहिण्याच्या आठवड्यात केव्हातरी ते पुन्हा एका पंगतीत बसू लागले होते. त्यांना तसे बसा म्हणून आम्ही सांगितले नव्हते.

विद्यार्थ्यांनी व पालकांनी विचारात घ्यावयाचे प्रश्न

१. एखादा कायदा घटनेला धरून असूनही त्याचा वापर अन्यायकारक होऊ शकतो काय? उदाहरण द्या.
२. चिन्नय्या (२००४) आणि दविंदर सिंग (२०२४) या निकालांतील मुख्य फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.
३. आपल्या वस्तीत शिक्षणात सर्वांत मागे राहिलेले कुटुंब कोणते? त्या घरातील मुलासाठी आपण काय करू शकतो?
४. ज्याचे मत आपल्याला पटत नाही, त्याचा रकाना आपल्या हाताने, त्याला मान्य होईल असा लिहून पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!