वाडीतले जिवाणू: विकत आणावेत की पोसावेत?

प्रश्न: अलिबागजवळ आमची नारळ-सुपारीची लहान वाडी आहे, परसात वालही होतो. जिवाणू खताची पाकिटं घ्यावीत का?

उत्तर: आधी मुळं पाहा. फुलावर आलेलं वालाचं रोप अलगद उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग दिसला, तर हवेतला नत्र बांधणारे जिवाणू तिथे कामाला लागलेलेच आहेत. पांढरट किंवा हिरवी गाठ बहुधा निकामी. भातानंतर वर्षानुवर्षं वाल घेतलेल्या जमिनीत हे जिवाणू सहसा असतातच. पाकीट खरं उपयोगी पडतं ते नव्या भरावाच्या मातीत: 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम, म्हणजे गाठीतलेच हे जिवाणू, चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा.

‘पण स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचं काय?’ असं तुम्ही विचाराल, आणि ते रास्तच आहे. मात्र हे जिवाणू प्रयोगशाळेत बहुतेक वेळा कॅल्शियमबद्ध स्फुरदावर पारखले जातात. आपल्या जांभ्याच्या आम्ल मातीत स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियमने जखडलेला असतो. तिथे तेच यश गृहीत धरता येत नाही. शिवाय बाहेरून आलेल्याला स्थानिक जिवाणूंशी झुंजावं लागतं. मुळांभोवतीची माती इतर मातीपेक्षा वेगळी असते, हे लोरेंझ हिल्टनर यांनी 1904 मध्येच मांडलं होतं: मुळांतून झिरपणाऱ्या शर्करा आणि आम्लांवर तिथली वस्ती जगते. उरलेल्या मातीतल्या जिवाणूंनाही खाद्य हवंच, म्हणून झावळ्या, सोडणं जाळू नका. आळ्यातच कुजू द्या. आणि पावसाळ्यात सुपारीच्या बुंध्याशी पाणी साचत असेल, तर पाकिटाआधी चर खणा, कारण हवा कोंडली की काही जिवाणू नत्र वायुरूपात उडवून लावतात.