सी-4 खेळ, पण मध्य विसरू नकोस

भाचेबुवा, पन्नाशीनंतर तू परत पटावर बसतोयस, फार बरं वाटलं. जागतिक सीनिअर स्पर्धेत 2014 पासून 50 आणि 65 असे दोन वयोगट आहेत, म्हणजे तुझ्या गटात तू अजून पोरगाच! धरमपेठेतल्या खुल्या स्पर्धेत मात्र समोर बारा वर्षांची पोर येईल. दिव्या देशमुख आणि रौनक साधवानीच्या या गावातली मुलं ई-4 ची सगळी तयारी तोंडपाठ करून येतात. त्यांच्याशी पाठांतरात भिडू नकोस. सी-4 खेळ, जी-3 करून उंट जी-2 वर बसव.

पण बाजूने सुरुवात केली म्हणजे मध्य सोडून दिला, असं समजू नकोस. 1924 साली न्यूयॉर्कला रेटीने कापाब्लांकाला हरवलं, तो डाव रात्री एकट्याने मांडून बघ. आठ वर्षं न हरलेला माणूस समोर, आणि रेटीने दोन्ही उंट कडेला बसवून निवांत तयारी केली. डी-4 आलं ते थेट सोळाव्या खेळीला. तेवढा धीर ठेव, पण ते डी-4 कधी येणार हे पहिल्यापासून डोक्यात असू दे.

काळ्याने ई-5 आणि डी-5 केलं, तुझं सी-प्यादं मारलं गेलं, त्याचा घोडा बी-6 वर गेला, की तुझा खेळ वजिराच्या बाजूला. ए-3, बी-4, हत्ती सी-1 वर आणि घोडा ए-4 वरून सी-5 कडे. इथे एक सांभाळ. बी-5 ची घाई केलीस तर त्याचा सी-6 चा घोडा डी-4 वर उडी मारतो. तू त्याला मारलंस की त्याचं ई-प्यादं डी-4 वर येऊन तुझ्या सी-3 च्या घोड्यावर चाल करतं. म्हणून तो घोडा आधी हलव, मग बी-5.

घड्याळाचं मात्र जास्त ऐक. दीड तास आणि प्रत्येक खेळीला तीस सेकंद असले, तरी आपल्या वयाला पंचविसाव्या खेळीच्या पुढे डोकं जड होतं. सुरुवातीच्या ओळखीच्या खेळ्यांवर वेळ घालवू नकोस. अर्धा तास पुढच्यासाठी राखून ठेव. दुपारचा डाव असेल तर जेवण हलकं ठेव. पोरगी डाव बरोबरीत सोडायला तयार झाली तर लगेच मान डोलावू नकोस. आधी उठून पाणी पी, खुर्चीत परत बस, बी-7 चं प्यादं कोण राखतंय ते बघ आणि मगच उत्तर दे.